साथीच्या काळात कोल्हापूरहून परदेशी जाताना : कागद कुठल्या क्रमानं करायचे आणि नेमकं कुठं चुकतं

पहाटे अडीचचं विमान, तिकिटावर तारीख बुधवारची, आणि मंडळी बुधवारी सकाळी अंघोळ करून, अंबाबाईला नमस्कार करून निवांत कोल्हापुरातून निघाली. विमान केव्हाच गेलं होतं. वर हातातला कोरोनाच्या टेस्टचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी दिलेल्या स्वॅबचा, ७२ तासांच्या पलीकडचा, म्हणजे वेळेत पोचली असती तरी काउंटरवरनं परतच यायची होती. एका प्रवासात दोन चुका, आणि घर चांगलं शिकलेलं. मी तिकिटांचं काम करतो, शाहूपुरीत बसतो, २०२० ते २०२३ मध्ये लोकांचे फॉर्म आणि रिपोर्ट बघून बघून डोळे गेले, तरी अजून कुठं साथीची नुसती बातमी आली की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

आता कुणी म्हणेल कोविडचे नियम तर उठले की. उठले, पण परत यायला किती वेळ लागतोय ते बघा. परदेशातनं भारतात येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधाचा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, लोकांनी हुश्श केलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना परत फॉर्म आणि ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर लागू. थर्टी फर्स्टला थायलंडला गेलेल्या माझ्या दोन गिऱ्हाइकांची शेवटची सुट्टी तिथं लॅब शोधण्यात गेली. मग १३ फेब्रुवारीला ते पण उठलं. त्यामुळं खाली दिलेले जुने नियम उदाहरण म्हणून वाचा, आकडे पाठ करू नका. बदलत नाही तो क्रम, आणि लोक चुकतात ते क्रमातच. तिकीट पहिलं काढतात आणि नियम शेवटी बघतात.

टप्पा १ : नियम नेमके कुणाचे बघायचे

चार जणांचे बघायचे. जिथं जाताय तो देश, मध्ये जिथं विमान बदलताय तो देश, विमान कंपनी, आणि परत येताना आपला भारत. यातले पहिले आणि शेवटचे लोक बघतात, मधले दोन विसरतात.

आणि "मी भारतीय, मला काय लागू" असा विचार करून नुसता भारतीयांसाठीचा नियम बघू नका. साथीत बऱ्याच वेळा पासपोर्ट कुठला यापेक्षा मागचे १४ दिवस तुम्ही कुठं होता हे बघतात. दुबईला पोराकडं महिनाभर राहून तिथनंच पुढं लंडनला जाणाऱ्या माणसाला दुबईहून येणाऱ्याचा नियम लागतो, कोल्हापूरहून येणाऱ्याचा नाही. २०२१ च्या डिसेंबरात ओमायक्रॉन आल्यावर भारतानं सुद्धा हेच केलं, ठराविक देशांची यादी काढली आणि प्रत्येकाकडनं १४ दिवसांचा प्रवास लिहून घेतला.

बघायचं कुठं? त्या देशाच्या सरकारी साईटवर, दूतावासाच्या साईटवर आणि विमान कंपनीच्या साईटवर. चेक-इन काउंटरवरची पोरगी स्वतःच्या मनानं काही ठरवत नसते. तिच्या समोर टिमॅटिक नावाची सिस्टीम असते, आयाटाची म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, त्यात तुमचा देश, मधला देश, कागदपत्रं टाकली की "जाऊ द्या" का "नाही" ते येतं. चुकीचा माणूस नेला तर दंड आणि परत आणायचा खर्च विमान कंपनीवर बसतो, म्हणून तिथं रडून, ओळख काढून काही होत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज दाखवून तर अजिबातच नाही, आणि तो दाखवणारी माणसं मी बघितलीत.

तपासा : नियमाचं पान बघितलं की मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि तारीख लिहून ठेवा. तिकीट काढताना एकदा, जायच्या आठ दिवस आधी एकदा, टेस्ट द्यायच्या आदल्या दिवशी एकदा आणि घरातनं बाहेर पडताना एकदा, असं चार वेळा तेच पान उघडायचं.

सावध : दोन वेगवेगळी तिकिटं काढून मध्ये विमान बदलत असाल तर बॅग घ्यायला तुम्हाला इमिग्रेशनमधनं बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या मधल्या देशात तुम्ही "प्रवेश" केलात. मग त्या देशाची लस, टेस्ट, फॉर्म, कधी कधी व्हिसा सुद्धा, सगळं लागतं. एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सलग तिकीट असेल तर बहुतेक ठिकाणी ही भानगड टळते. चार-पाच हजार वाचवायला लोक तिकीट तोडतात आणि तिथं अडकतात.

टप्पा २ : पासपोर्टवरचं नाव, सगळीकडं तेच

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त लोक इथंच मार खातात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडं माणसाला नावं किती असतात बघा. पासपोर्टवर बाळासाहेब, आधारवर बाळासो, आणि लॅबच्या पोरानं घरी येऊन स्वॅब घेताना विचारलं तर घरातली म्हणाली बाळू, त्यानं टाकलं बाळू. तिन्ही कागद एकाच माणसाचे हे आपल्याला कळतंय, परदेशातल्या अधिकाऱ्याला कसं कळणार? त्याला तीन माणसं दिसतात आणि पासपोर्ट एकाचाच. आण्णासो, रावसो, दादासो, सगळ्यांचं हेच. आपल्या भागातला हा "सो" फार महागात पडतोय.

बायकांचं आणखी वेगळं. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचं नाव, आधार लग्नानंतर बदललेलं. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी साईटवर, लस बहुतेकांनी आधार दाखवून घेतली त्यामुळं सर्टिफिकेटवर सासरचं नाव. माझ्या मावशीचं असंच झालं. नातू बघायला जायचं म्हणून तिनं सहा महिने आधीपासनं चिवड्याची तयारी केली आणि सर्टिफिकेट उघडून बघितलं जायच्या पाच दिवस आधी. कोविनवर पासपोर्ट नंबर जोडायची सोय होती, नाव-वय दुरुस्तीची पण होती, पण नावाची दुरुस्ती एकदाच करता यायची, आणि घाईघाईत तिच्या पोरानं त्या एका वेळेत स्पेलिंगच चुकवलं. पुढचे दोन दिवस काय गेले ते विचारू नका.

जन्मतारखेचं पण तसंच. सुरुवातीच्या लसीच्या सर्टिफिकेटवर नुसतं वय असायचं, ब्रिटनसारख्या देशांनी त्यावर बोट ठेवलं, मग २०२१ च्या शेवटी शेवटी पूर्ण जन्मतारखेचं परदेश प्रवासाचं वेगळं सर्टिफिकेट आलं. ज्यांनी जुनंच प्रिंट काढून फाईलला लावलं होतं त्यांना नवं आलंय हे माहीतच नव्हतं.

मग करायचं काय :

पासपोर्टचं पहिलं पान उघडून समोर ठेवा. त्यात आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेक एकत्र दुसऱ्या रकान्यात असतं. तेच स्पेलिंग, तोच क्रम, तिकिटावर, लसीच्या कागदावर, टेस्टच्या रिपोर्टवर, फॉर्मवर. एका कागदावर स्वतः कॅपिटल अक्षरात नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर लिहून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि कुणीही विचारलं तर तोंडानं सांगू नका, तो फोटो दाखवा.

तपासा : पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक आहे का, हे पण आत्ताच बघून घ्या.

टप्पा ३ : लस, आणि लसीची तारीख

"माझे दोन डोस झालेत" एवढ्यावर भागत नाही. तीन गोष्टी बघायच्या, कुठली लस, शेवटच्या डोसला किती दिवस झाले, आणि किती दिवसांनी ती जुनी धरतात.

पहिली गोष्ट कोव्हॅक्सिनवाल्यांना चांगलीच कळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीत कोविशिल्ड १५ फेब्रुवारी २०२१ ला गेली आणि कोव्हॅक्सिन जायला ३ नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात दोन्ही डोस घेऊन पण कितीतरी देशांच्या हिशोबात तो माणूस बिनलशीचाच. त्यामुळं नव्या साथीत नवी लस आली आणि परदेशी जायचं नक्की असेल तर लस घ्यायच्या आधी यादी बघा, नंतर नाही.

दुसरी, बहुतेक देश शेवटच्या डोसनंतर १४ दिवस झाल्यावरच "पूर्ण लस" धरत होते. आणि कोविशिल्डच्या दोन डोसात आपल्याकडं ८४ दिवसांचं अंतर होतं, त्यात १४ मिळवा. म्हणजे पहिल्या डोसपासून ९८ दिवस, तीन महिन्यांच्या वर. शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना २०२१ च्या जूनपासून २८ दिवसांनी दुसरा डोस द्यायची सवलत मिळाली, पण ती ॲडमिशनचं पत्र किंवा नोकरीचं पत्र दाखवल्यावर. अशा सवलती असतात, त्या कुणी घरी येऊन सांगत नाही.

तिसरी गोष्ट युरोपची. फेब्रुवारी २०२२ पासून तिथं सुरुवातीच्या डोसांची लस प्रवासासाठी २७० दिवसच चालायची, पुढं बूस्टर पाहिजे.

आता कोविड सोडून एक. आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांची आणि मशिनरीवाल्यांची आफ्रिकेत ये-जा असते, आता केनियाची सफारी पण सुरू झालीय. तिथल्या बऱ्याच देशांसाठी यलो फीवरची लस लागते, आणि ती न घेता त्या भागातनं परत भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करतात, इथं साथ असो वा नसो. हा नियम कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आदल्या दिवशी टोचून घेऊन चालत नाही. एकदा घेतली की २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्या सर्टिफिकेटचं पिवळं पुस्तक जपून ठेवा. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रावरच मिळते, आरोग्य मंत्रालयाच्या साईटवर यादी आहे, मुंबईत एअरपोर्ट आणि पोर्टच्या आरोग्य विभागाकडं मिळते. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात, उघडली की संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठराविक वारीच बोलवतात. फोन करून वार विचारा आणि मगच एसटीत बसा, मूळ पासपोर्ट घेऊन. अंड्याची ॲलर्जी असेल, दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

हजला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची चार प्रकारांवरची लस लागते, ती पण पोचायच्या किमान दहा दिवस आधी.

टप्पा ४ : आता तिकीट

इथपर्यंत आलात तरच तिकीट काढा. आणि काढताना मुंबईचं विमान किती वाजता एवढंच बघू नका, कोल्हापुरातनं घराबाहेर पाऊल कधी पडणार तिथपासनं हिशोब मांडा, कारण साथीतले तास तिथनंच खर्च होतात.

आपल्याकडनं थेट परदेशी विमान नाही. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, विमानानं मुंबई, नाहीतर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं बसून सकाळी मुंबई, नाहीतर गाडीनं पुणे-मुंबई. उजळाईवाडीचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि पावसापाण्यानं रद्द झालं तर पुढच्या विमानवाल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि टेस्टचे तास मात्र चालूच राहतात. साथीच्या काळात माझं मत सरळ आहे, आदल्या दिवशी मुंबईत पोचा. एका रात्रीचं लॉज हे बुडालेल्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतंय.

पावसाळ्यात तर दोन दिवस हातात ठेवा. जुलै २०२१ मध्ये साथ पण चालू होती आणि महापूर पण आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर दोन्हीकडनं तुटलं. ७२ तासांचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन माणसं पाण्याकडं बघत बसली होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जायच्या आठवड्यात पंचगंगा ३५ च्या पुढं चढायला लागली की टेस्टची वाट बघू नका, मुंबईला किंवा पुण्याला सरकून घ्या आणि टेस्ट तिकडंच द्या.

तिकीट शक्यतो तारीख बदलता येणारं घ्या, थोडे पैसे जास्त पडतात पण पॉझिटिव्ह आलं तर अख्खं तिकीट बुडत नाही. इन्शुरन्स घेताना साथीचा आजार त्यात धरलाय का वगळलाय ते पॉलिसीच्या कागदात वाचा. एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणतोय, माझ्यासारखाच असला तरी विश्वास ठेवू नका, ओळ दाखव म्हणा.

सावध : रात्री १२ नंतरचं विमान. तिकिटावर बुधवार ०२:३० असेल तर एअरपोर्टवर मंगळवारी रात्री दहा-साडेदहाला हजर व्हायचं असतं. कॅलेंडरवर बुधवारच्या नाही, मंगळवारच्या चौकोनात "विमान" असं लिहा.

टप्पा ५ : टेस्ट, तास उलटे मोजून

तास सुरू होतात स्वॅब नाकात गेल्याच्या मिनिटापासून. रिपोर्ट आल्यापासून नाही. ही एक ओळ लोकांना कळली असती तर माझे निम्मे फोन वाचले असते. काही देशांनी निकालाच्या वेळेपासून पण मोजलंय, पण तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नाहीतर स्वॅब धरा.

वरचंच उदाहरण घेऊ, मुंबईहून बुधवारी पहाटे ०२:३०.

७२ तासांचा नियम असेल तर मागं जात रविवार पहाटे ०२:३० येतं. शनिवारी कितीही उशिरा दिलेला स्वॅब बाद. रविवारी सकाळी नऊला द्या, विमान सुटेपर्यंत साडेपासष्ट तास होतात, विमानाला पाच-सहा तास उशीर झाला तरी रिपोर्ट जिवंत. सोमवारी रिपोर्ट हातात, सोमवारी रात्री महालक्ष्मी, मंगळवारी सकाळी मुंबई. पण रविवारी लॅब उघडी आहे का, हे गुरुवारीच विचारून ठेवा.

४८ तासांचा असेल तर मर्यादा सोमवार पहाटे ०२:३०. आता कोल्हापुरात सोमवारी सकाळी स्वॅब दिला तर रिपोर्ट रात्री उशिरा किंवा मंगळवारी सकाळी, तोवर तुम्ही गाडीत, आणि नावात चूक निघाली तर दुरुस्त करायला लॅब मागं राहिली. त्यापेक्षा रविवारी रात्रीच मुंबई गाठा आणि सोमवारी सकाळी तिथं स्वॅब द्या.

अमेरिकेनं डिसेंबर २०२१ मध्ये "एक दिवस" केला होता, तो २४ तास नव्हता, कॅलेंडरचा दिवस होता. बुधवारचं विमान म्हणजे मंगळवारी दिवसभरात कधीही केलेली टेस्ट चालायची, आणि त्यांना रॅपिड अँटीजेन पण चालत होती. उलट कितीतरी देशांना अँटीजेन दाखवली की सरळ परत. म्हणून तास आणि टेस्टचा प्रकार, दोन्ही शब्दन् शब्द वाचा. ॲंटीबॉडीचा रिपोर्ट आणि छातीचा स्कॅन ही प्रवासाची टेस्ट नाही, लोक तो घेऊन येतात म्हणून सांगतोय.

दुबईवाल्यांना ४८ तासांच्या आरटीपीसीआरवर आणखी विमान सुटायच्या आधी सहा तासांच्या आत एअरपोर्टवरच रॅपिड पीसीआर लागायची, फेब्रुवारी २०२२ पर्यंत होतं हे. त्यासाठी नेहमीपेक्षा बरंच लवकर पोचायला लागायचं आणि रॅपिडची सोय सगळ्या एअरपोर्टवर नव्हती, म्हणजे तिकीट कुठनं काढायचं हे पण टेस्टनं ठरवलं.

लॅब निवडताना विचारायचे प्रश्न : आयसीएमआरची मान्यता आहे का? सॅम्पल इथंच लागतोय का बाहेरगावी जातोय? रिपोर्टवर क्यूआर कोड येतो का? पासपोर्ट नंबर छापता का? चूक निघाली तर रात्री फोन उचलणार कोण? सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याच्या, रांगेत प्रवासाच्या रिपोर्टसाठी उभं राहू नका, ती रांग आजारी माणसांची आहे.

रिपोर्ट आला की आनंदात फॉरवर्ड करायच्या आधी दारातच हे बघा :

नाव पासपोर्टप्रमाणं, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर (एक आकडा इकडं तिकडं झाला तरी बाद), सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ, निकालाची तारीख आणि वेळ, टेस्टचं नाव, निकाल, लॅबचं नाव-पत्ता, सही-शिक्का, आणि सगळं इंग्रजीत. क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन करा, मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. उघडत नसेल तर लॅबला लगेच सांगा. दुरुस्तीच्या नावाखाली कुणी वेळ मागं-पुढं करून देतो म्हणाला तर नमस्कार करून उठा, तो खोटा कागद होतो आणि क्यूआर स्कॅन केल्यावर पकडला जातो, वर गुन्हा तुमच्यावर.

पॉझिटिव्ह आलं तर? निघायचं नाही, एवढंच. दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन "बघू निगेटिव्ह येतंय का" हा जुगार बरेच जण खेळले. विमानात शेजारी कुणाची तरी म्हातारी आई बसलेली असते. पण एक लक्षात ठेवा, बरं झाल्यावर पण आरटीपीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते कारण विषाणूचे मेलेले तुकडे सापडत राहतात. अमेरिकेसारख्या देशांनी त्यासाठी ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरा झाल्याचं डॉक्टरांचं पत्र चालवून घेतलं होतं. म्हणून तो नकोसा झालेला पॉझिटिव्ह रिपोर्ट फाडू नका.

टप्पा ६ : ऑनलाईन फॉर्म

फॉर्म टेस्टनंतर भरायचा, कारण त्यात रिपोर्ट अपलोड करायचा असतो. आधी भरायला बसलात तर अर्ध्यात अडकता.

सरकारी फॉर्मला सहसा पैसे नसतात. गुगलवर सगळ्यात वर दिसणारी साईट सरकारीच असेल असं नाही, फॉर्म भरून देतो म्हणून पाच-सहा हजार घेणाऱ्या खासगी साईट असतात. एअर सुविधा फुकट होती, तरी त्याचे पैसे दिलेली माणसं मला भेटलीत. साईटचा पत्ता विमान कंपनीच्या किंवा सरकारच्या पानावरनंच उघडा.

भरताना हाताशी ठेवा, पासपोर्ट, तिकीट, सीट नंबर, लस सर्टिफिकेट, रिपोर्टची पीडीएफ, आणि तिकडचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट. "पोराकडं" हा पत्ता होत नाही. फाईल लहान करून ठेवा, मोबाईलनं काढलेला आठ एमबीचा फोटो अपलोड होत नाही आणि माणूस रात्री एक वाजता मला फोन करतो. मोबाईल नंबर तिकडं चालू राहणारा द्या. भरून झाल्यावर येणारी पावती किंवा क्यूआर डाऊनलोड करा, स्क्रीनशॉट पण काढा, ईमेलच्या भरवशावर राहू नका.

मुलांचा वेगळा फॉर्म लागतो का ते बघा. टेस्टमधनं भारतानं पाच वर्षांखालच्या मुलांना सूट दिली होती, पण टेस्टची सूट म्हणजे फॉर्मची सूट नाही, आणि दुसऱ्या देशाचं वय वेगळं असू शकतं.

टप्पा ७ : फाईल, आणि काउंटर

प्रिंट काढा. दोन-दोन. मोबाईलची बॅटरी एअरपोर्टवरच संपते, हा निसर्गनियम आहे. फाईलमधला क्रम असा लावा की मागतील तसं पान येईल, पासपोर्ट आणि व्हिसा, तिकीट परतीसकट, रिपोर्ट, लस, फॉर्मची पावती, इन्शुरन्स, तिकडचा पत्ता. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवत असाल तर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, "हे विचारलं तर पान तीन दाखवा". माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आईनं अख्खा प्रवास असल्या चिठ्ठीवर केला, इंग्रजी एक अक्षर येत नसताना.

रोजची औषधं हँडबॅगेत, चिठ्ठीसकट, आणि क्वारंटाईन लागलं तर पुरतील अशी पंधरा दिवसांची जादा.

सावध : ताप असेल तर पॅरासिटामॉल घेऊन स्क्रीनिंगमधनं सुटायचा आगाऊपणा नको. गोळीचा असर चार-सहा तासांत उतरतो आणि तुम्ही तेव्हा तिकडच्या एअरपोर्टवर असता, जिथं ना भाषा कळत ना माणूस ओळखीचा.

काउंटरवर अडवलं तर भांडू नका. "कुठला नियम, टिमॅटिकमध्ये काय लिहिलंय, मला वाचून दाखवा" असं शांतपणे विचारा, ड्युटी मॅनेजरला बोलवा, आणि पहिल्या टप्प्यात सेव्ह केलेलं पान दाखवा. काउंटरवाल्यांची पण नियम बदलताना चूक होते, आणि तेव्हा ते पानच तुम्हाला वाचवतंय.

टप्पा ८ : परत येताना, मुंबई ते घर

परतीचा प्रवास म्हणजे पुन्हा पहिला टप्पा, या वेळी भारताचे नियम. जाताना होते तेच असतील असं समजू नका, महिन्याभरात सगळं फिरलेलं असतं. अमेरिकेहून घरी पोचायला दीड दिवस लागतो, त्यामुळं लॅब तिकडच्या घराजवळची आधीच बघून ठेवा.

उतरल्यावर एअरपोर्टचा आरोग्य विभाग तापमान बघतो, फॉर्म बघतो, लक्षणं दिसली तर वेगळं घेतात. फेब्रुवारी २०२२ च्या नियमात विमानातल्या २ टक्के प्रवाशांचा सॅम्पल घ्यायचे, तो देऊन घरी जाता यायचं. पण त्याच्या आधी डिसेंबर २०२१ मध्ये यादीतल्या देशांहून आलेल्यांना एअरपोर्टवर टेस्ट, निकाल येईपर्यंत तिथंच थांबायचं, मग ७ दिवस घरी क्वारंटाईन आणि आठव्या दिवशी परत टेस्ट असं होतं. अशा वेळी उजळाईवाडीचं जोडविमान दोन तासांच्या अंतरानं काढलं असेल तर ते गेलंच समजा. उतरल्याच्याच दिवशीचं पुढचं विमान काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा नाहीतर रात्रीची गाडी धरा.

आणायला एक ड्रायव्हर पुरे. हार, पेढे, दहा माणसं आणि गाडी भरून मुंबईपर्यंत, ही हौस साथ संपल्यावर. गाडीच्या काचा उघड्या, मास्क दोघांना, आणि खंबाटकीच्या पुढं "जरा मिसळ खाऊ" म्हणून हॉटेलात गर्दीत बसायचं नाही, डबा बरोबर ठेवा.

घरी क्वारंटाईन असेल तर दिवस मोजायची पद्धत आधी वाचा, बहुतेक ठिकाणी उतरल्याचा दिवस शून्य धरतात. वेगळी खोली, शक्य असेल तर वेगळा संडास. शेजारी दारात येऊन "काय आणलंस?" विचारणारच, आतनंच सांगा आठ दिवसांनी या.

आणि बोर्डिंग पास फेकू नका, निदान १४ दिवस. विमानात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याच्या रांगेतले, पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगांतले प्रवासी शोधतात, आणि तुमची सीट बदलली असेल तर ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. या दिवसांत अनोळखी नंबरचा फोन उचला, लोनवाल्याचा असेल म्हणून कट करू नका, तो आरोग्य विभागाचा असू शकतो आणि त्यांना पहिल्यांदा विचारायचं असतं सीट नंबर कुठला होता.